सूर्यहास खड्ग आणि विद्याधरांचा परवाना

एका हातात तलवार आणि दुसऱ्या हाताच्या बोटांतून प्रकटणारी मंत्रशक्ती असा योद्धा आजच्या पाश्चात्त्य अद्भुतकथांचा लाडका नायक आहे. पोलंडचे लेखक आंद्रेय सापकोव्स्की यांनी १९८६ मध्ये गेराल्ट नावाचा असा एक खड्गधारी मांत्रिक प्रथम रंगवला. राक्षसांसाठी त्याच्याजवळ चांदीची तलवार असते आणि तलवार पुरी पडत नसेल तेव्हा हाताच्या विशिष्ट मुद्रेने तो अग्नी किंवा वारा उत्पन्न करतो. त्याच्या आधी, १९६१ मध्ये, मायकेल मूरकॉक या इंग्रज लेखकाने एल्रिक हा दुर्बल देहाचा राजा निर्माण केला. त्याची काळी तलवार ज्याला मारते त्याचा आत्मा पिऊन टाकते आणि ते बळ धन्याला देते. या कथा, त्यांवरील मालिका आणि संगणकावरचे खेळ आता व्यापारी पेठेतल्या घरांतही पोहोचले आहेत. नातवंडे तासन् तास त्यांत रमतात. आजी-आजोबांना मात्र हे सारे परके, हिंसेने भरलेले आणि म्हणून त्याज्य वाटते.

त्याज्य की ग्राह्य, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवावा. परके हे विशेषण मात्र टिकणारे नाही. खड्ग आणि विद्या एकाच हाती असलेल्या वीरांची सर्वांत मोठी वसाहत जर कोणत्या साहित्यात असेल, तर ती जैन कथासाहित्यात आहे. त्या वीरांचे नाव विद्याधर. वेरूळच्या जैन लेण्यांत तीर्थंकरांच्या मस्तकाजवळ हार घेऊन उडणारे विद्याधर अनेकांनी पाहिलेले असतात. अबूच्या विमलवसहीत रंगमंडपाच्या घुमटाखाली उभे राहून मान वर केली की सोळा विद्यादेवी वर्तुळाकार उभ्या दिसतात. रोहिणी, प्रज्ञप्ती, वज्रशृंखला, वज्रांकुशा अशी त्यांची नावे आहेत. त्यांच्यापैकी अच्छुप्ता अश्वावर आरूढ असून तिच्या आयुधांत खड्ग आहे. यात्रेकरू त्या कोरीव कामाची वाखाणणी करून पुढे जातात. या देवींच्या साधनेने कोणी काय मिळवले आणि काय गमावले, हे मात्र उपाश्रयाच्या कपाटातल्या ग्रंथांतच राहते.

ते ग्रंथही थोडेथोडके नाहीत. विमलसूरींचे पउमचरिय हे जैन परंपरेतील सर्वांत जुने उपलब्ध रामचरित. ते महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे मराठीच्या पूर्वज भाषेत, रचलेले आहे. त्यात ११८ उद्देश आहेत. हर्मन याकोबी यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती भावनगरहून १९१४ मध्ये निघाली. दिगंबर परंपरेत रविषेणाचार्यांनी सातव्या शतकात संस्कृत पद्मपुराण लिहिले, पुढे स्वयंभूने अपभ्रंशात पउमचरिउ रचले. बाराव्या शतकात कुमारपाळ राजाच्या विनंतीवरून कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्र सिद्ध केले. त्याच्या दहा पर्वांपैकी सातवे पर्व म्हणजे जैन रामायण. पुढील कथाभाग मुख्यतः हेमचंद्राचार्यांना अनुसरून आहे. तपशिलात संप्रदायभेद आहेत, पण विषयाच्या गाभ्याला त्यांनी बाध येत नाही.

विमलसूरींनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच श्रेणिक राजाच्या मनात शंका उत्पन्न केली आहे. राक्षस मांसभक्षक कसे असतील? वानरांनी एवढ्या बलाढ्य राक्षसांचा पराभव कसा केला असेल? कुंभकर्ण सहा महिने कसा झोपला असेल? गौतम गणधर त्याचे समाधान करतात. राक्षस आणि वानर ही विद्याधरांचीच कुळे होती. वानरवंशीयांच्या ध्वजावर वानराचे चिन्ह होते. रावणाला दहा तोंडे नव्हती, तर बालपणी त्याने कुलपरंपरेने आलेला नऊ रत्नांचा हार गळ्यात घातला आणि प्रत्येक रत्नात त्याच्या मुखाचे प्रतिबिंब पडले, म्हणून तो दशमुख. जे अशक्य वाटते त्याला कारण शोधायचे, ही या कथाकारांची खोड. विद्या मात्र त्यांनी खऱ्या मानल्या. त्या विद्यांना त्यांनी जमाखर्च लावला, आणि हा जमाखर्चच पाश्चात्त्य अद्भुतकथांत सहसा आढळत नाही.

त्याची पहिली नोंद ऋषभदेवांच्या काळातली आहे. कच्छ आणि महाकच्छ यांचे पुत्र नमि आणि विनमि हे प्रभूंच्याच आज्ञेने दूर गेले होते. ते परतले तेव्हा प्रभूंनी दीक्षा घेतलेली होती, राज्य पुत्रांना वाटून झाले होते आणि या दोघांचा वाटा काढायला कोणी उरले नव्हते. दोघे प्रभूंसमोर जाऊन आपला भाग मागू लागले. प्रभू मौनात, कायोत्सर्गात. मग दोघांनी सेवा धरली. प्रभूंच्या आसपासची धूळ बसावी म्हणून ते पाणी शिंपडीत, तिन्ही सांजांना फुले वाहत, आणि उरलेला सारा वेळ दोन्ही बाजूंना नंग्या तलवारी घेऊन उभे राहत. नागराज धरणेंद्र वंदनाला आला असता त्याने त्यांना भरताकडे जाऊन मागण्याचा सल्ला दिला. एकदा हा धनी पत्करल्यावर दुसऱ्याच्या दारी जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. या निष्ठेवर धरणेंद्र प्रसन्न झाला. गौरी, प्रज्ञप्ती इत्यादी अठ्ठेचाळीस हजार विद्या त्याने त्यांना दिल्या, आणि वैताढ्य पर्वतावर दक्षिणेच्या श्रेणीत ५० व उत्तरेच्या श्रेणीत ६० नगरे वसवायला सांगितली. दिगंबर ग्रंथांत या पर्वताला विजयार्ध म्हणतात.

विद्याधरांची उत्पत्ती ही अशी आहे. तलवारी आधीपासून हातात होत्या, विद्या नंतर आल्या, आणि त्या तलवारींनी तोवर कोणाचेही रक्त सांडले नव्हते.

देणगी देऊन धरणेंद्र निघून गेला नाही. त्याने मर्यादा घातली. जो विद्याधर जिनेश्वरांचा, जिनमंदिरांचा, चरमशरीरी पुरुषांचा किंवा कायोत्सर्गात उभ्या असलेल्या मुनींचा अपराध करील, त्याला विद्या सोडून जातील. हेमचंद्राचार्य येथे जी उपमा योजतात ती व्यापाऱ्याच्या पेढीवरची आहे: आळशाला लक्ष्मी सोडून जाते तशा. पुढे आणखी दोन अटी आहेत. जो सपत्नीक पुरुषाला मारील, आणि जो स्त्रीवर तिच्या इच्छेविरुद्ध बळजबरी करील, त्याच्या विद्या तत्क्षणी निघून जातील. हे शासन सर्वांना कळावे आणि कायम राहावे म्हणून धरणेंद्राने ते रत्नांच्या भिंतीवर कोरून ठेवले.

परवाना द्यावा आणि त्याच्या मागच्या बाजूला अटी छापाव्यात, तसेच हे झाले. जगातील अद्भुतकथांत मंत्रशक्तीला मर्यादा असतातच. कोठे मंत्र म्हणता म्हणता मांत्रिक थकतो, कोठे लोखंडाच्या स्पर्शाने जादू विरते. पण त्या मर्यादा बहुधा शक्तीच्या असतात, शीलाच्या नसतात. एल्रिकची तलवार तर धन्याच्या हातातच वळते आणि त्याच्या प्रियेचाही बळी घेते. तिला कोणी अट घातलेली नाही, ती भुकेली आहे एवढेच. वैताढ्यावरच्या भिंतीत मात्र शक्ती आणि सदाचार यांचा करार कोरलेला आहे, आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा करायला कोणी यावे लागत नाही. भांडवल आपोआप निघून जाते.

विद्या मिळवायची रीतही तपाची. रावण, भानुकर्ण म्हणजे कुंभकर्ण, आणि बिभीषण हे तिघे बंधू भीम नावाच्या अरण्यात साधनेला बसले तेव्हा जंबूद्वीपाचा अधिपती अनादृत यक्ष त्यांना विघ्ने करू लागला. त्याने साप, सिंह दाखवले. तेवढ्याने काम होईना, तेव्हा मायेने त्यांचे मातापिता बांधून आणून त्यांचा छळ होताना दाखवला. शेवटी भावंडांची मस्तकेही एकमेकांपुढे टाकली. धाकटे दोघे किंचित विचलित झाले, रावण अढळ राहिला. म्हणून त्याला हजार विद्या सिद्ध झाल्या, कुंभकर्णाला पाच आणि बिभीषणाला चार. त्यानंतर सहा उपवास करून रावणाने दिग्विजयाला योग्य असे चंद्रहास खड्ग साधले.

सहा उपवास म्हटले की पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या घरांना त्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण येथेच कथाकाराची भुवई किंचित वर गेलेली दिसते. उपवास तोच, एकाग्रताही तीच, फक्त हेतू खड्गाचा. शास्त्रात याला निदान म्हणतात, म्हणजे तपाच्या बदल्यात ऐहिक फळ मागणे. हा सौदा पुरा होतो, माल मिळतो, पण कर्मनिर्जरेसाठी आलेले भांडवल त्यात खर्ची पडते. रावणाला हे लागू आहे तसे लक्ष्मणालाही, कारण नवही वासुदेव पूर्वभवातील निदानामुळेच वासुदेव होतात असे परंपरा मानते. नायकाला सूट नाही.

रावणाच्या चंद्रहासाचे जुळे शोभावे असे दुसरे खड्ग म्हणजे सूर्यहास. त्याची कथा सर्वांत हृदयद्रावक आहे आणि सर्वांत कमी सांगितली जाते.

खर आणि रावणाची बहीण चंद्रनखा यांचा पुत्र शंबूक. वाल्मीकींच्या उत्तरकांडात शंबूक हा तप करणारा शूद्र आहे आणि प्रत्यक्ष राम त्याचा वध करतो. जैन परंपरेत तो राजपुत्र आहे. सूर्यहास खड्ग साधण्यासाठी तो दंडकारण्यात क्रौंचरवा नदीच्या काठी आला. बांबूच्या बेटात शिरून, एकवेळ आहार घेऊन, ब्रह्मचर्याने, इंद्रिये जिंकून, वडाच्या फांदीला पाय बांधून तो उलटा लटकला आणि विद्येचा जप करू लागला. या साधनेची मुदत बारा वर्षे आणि सात दिवस. वटवाघळासारखे लटकलेल्या त्या मुलाची बारा वर्षे आणि चार दिवस झाले. तीन दिवस राहिले.

खड्ग सिद्ध होण्याच्या वाटेवर होते. आकाशातून तेज आणि सुगंध पसरवीत ते बांबूच्या बेटाजवळ अवतरले. त्याच सुमारास लक्ष्मण रानात फिरत तेथे आला. समोर सूर्यकिरणांच्या राशीसारखे खड्ग. क्षत्रियाच्या हाताला नवे शस्त्र दिसले की राहवत नाही, असे हेमचंद्राचार्य येथे सुचवतात. त्याने ते उचलले, म्यानातून काढले, आणि धार पाहावी म्हणून शेजारचे बांबूचे बेट कमळाच्या देठासारखे एका घावात छाटले. बांबूंबरोबर एक मस्तक तुटून त्याच्या पुढ्यात पडले. आत जाऊन पाहिले तर वडाच्या फांदीला एक धड लटकत होते.

कथेत हा प्रसंग फार थोड्या शब्दांत येतो. लक्ष्मणाचा संताप कोणावर नव्हता. त्याला शत्रू दिसला नव्हता, बेटात कोणी आहे याची जाणीवही नव्हती. तो स्वतःची निंदा करू लागला. जो युद्ध करीत नव्हता, ज्याच्या हाती शस्त्र नव्हते, असा कोणी पुरुष आपल्या हातून मारला गेला, या कर्माबद्दल आपला धिक्कार असो, असे म्हणत तो रामाकडे गेला आणि खड्ग दाखवले. रामाने ते ओळखले. हे सूर्यहास आहे, याचा साधक तुझ्याकडून मारला गेला, आणि याचा कोणी उत्तरसाधक जवळपास असला पाहिजे, एवढेच तो म्हणाला. त्याने सांत्वनही केले नाही आणि दोषही दिला नाही.

उत्तरसाधक म्हणजे साधनेत मदत करणारा. तो येथे आईच होती. मुदत संपत आली म्हणून चंद्रनखा पूजेचे साहित्य आणि अन्नपाणी घेऊन आली, आणि तिला पुत्राचे कुंडले घातलेले मस्तक दिसले. ती रडली. मग जमिनीवर उमटलेली पावले पाहत निघाली आणि रामापर्यंत पोहोचली. रामाला पाहून तिला मोह पडला, ही गोष्ट आजच्या वाचकाला रुचत नाही आणि ती खटकावी अशीच आहे. मुलाच्या रक्ताने माखलेल्या वाटेवरून चालत आलेल्या मातेला कथाकाराने दोन घटकांत कामातुर करावे, हे परंपरेचे ओझे म्हणावे लागते. पण पुढचे सारे त्यातून उलगडते. ती झिडकारली जाते, पुत्रवधाची वार्ता पतीला देते, खर सैन्य घेऊन येतो, लक्ष्मण त्याच्याशी लढायला जातो, संकट आलेच तर सिंहनाद करावा असा संकेत ठरतो. रावण सीतेसाठी येतो, पण रामाचे तेज पाहून जवळ जाण्याचे धाडस त्याला होत नाही. तो अवलोकनी विद्येचे स्मरण करतो. ती विद्या त्याला तो संकेत सांगते, खोटा सिंहनाद होतो, राम धावतो आणि सीता हरली जाते.

म्हणजे जैन रामायणातील युद्धाचे मूळ कोणाच्या कपटात नाही, कोणाच्या वचनातही नाही. एका तरुणाने न पाहता केलेल्या एका घावात ते आहे. अहिंसेच्या शास्त्रात प्रमाद या शब्दाला जे वजन आहे ते येथे कळते. मारण्याची इच्छा नसणे हे एक आणि पाहून हात उचलणे हे दुसरे. मुनी चालताना चार हात भूमी पाहून पाऊल टाकतात, श्रावकाच्या घरी पाणी गाळून घेतात, चूल पेटवण्यापूर्वी पुंजणीने पुसून घेतात. या सगळ्यामागे असलेला विचार आणि बांबूचे ते बेट यांत अंतर नाही. लक्ष्मणाने आत कोणी आहे का हे विचारले असते, तर कथाकाराला एवढे मोठे पर्व लिहावे लागले नसते.

संगणकावरच्या खेळांत नवे खड्ग मिळाले की खेळणारा पहिल्यांदा ते झाडाझुडपांवर चालवून पाहतो. त्या झुडपात कोणी असू शकते, हे त्या खेळांना सुचलेले नाही.

विद्या खोटी ठरण्याचे एक उदाहरण तर मुलांना सांगण्यासारखे आहे. साहसगती नावाचा विद्याधर सुग्रीवाच्या पत्नीवर, तारेवर, लुब्ध होता. रूप पालटण्याची विद्या साधून त्याने सुग्रीवाचे रूप घेतले आणि अंतःपुराच्या दाराशी आला. खरा सुग्रीव आला तर द्वारपाल म्हणाले, राजा तर आधीच आला आहे. किष्किंधेत दोन सुग्रीव, सैन्य दुभागले, दोघे लढले, खरा हरला. तो रामाला शरण आला. राम दोघांना पाहतो, पण त्यालाही खरा कोणता हे ओळखता येत नाही. हा बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे, कारण येथे राम सर्वज्ञ नाही. मग त्याने वज्रावर्त धनुष्याचा टणत्कार केला. त्या आवाजानेच साहसगतीची विद्या हरिणीसारखी पळून गेली आणि तो उघडा पडला. त्यानंतर बाण एकच लागला.

रावणाचे प्रकरण एवढे सोपे नाही, आणि जैन कथाकारांनी ते सोपे करूनही घेतलेले नाही. दुर्लंघ्यपुराचा राजा नलकूबर याने आशालिका विद्येने नगराभोवती अग्नीचा कोट उभारला होता. रावणाला तो भेदता येईना. नलकूबराची पत्नी उपरंभा रावणावर अनुरक्त होती. तिने दूतीकरवी निरोप पाठवला: विद्या देते, मला स्वीकार. बिभीषणाने परस्पर होकार दिला. रावण संतापला, आपल्या कुळात परस्त्रीला मन दिलेले नाही, हा कलंक तू लावलास, असे त्याने भावाला सुनावले. बिभीषणाचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. नुसत्या शब्दाने कलंक लागत नाही, ती येऊ दे, विद्या देऊ दे, शत्रू जिंकला की गोड बोलून तिला परत पाठव. तसेच झाले. विद्या मिळाली, कोट विझला, नगर पडले. मग रावणाने उपरंभेला सांगितले की विद्या दिल्यामुळे तू माझी गुरू झालीस, तेव्हा आता आपल्या पतीकडेच जा.

शीलभंग झाला नाही. रत्नभिंतीवरची एकही अट मोडली नाही. तरीही माल खोट्या वायद्यावर उचलला होता, हे व्यापारी वाचकाला सांगायला नको. आणि त्याच नगरात रावणाला सुदर्शन चक्र मिळाले.

पुढे अनंतवीर्य केवलींना त्याने आपल्या मृत्यूचे कारण विचारले. परस्त्रीच्या निमित्ताने, वासुदेवाच्या हातून, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने नियम घेतला: जी स्त्री इच्छा करीत नसेल तिला स्पर्श करणार नाही. सीता महिनोन् महिने लंकेत होती आणि हा नियम टिकला. त्यामागे व्रताची निष्ठा किती आणि विद्या गमावण्याचे भय किती, याचा हिशेब कथाकाराने मांडलेला नाही. पण रणात लक्ष्मण शक्तीने पडल्यानंतर विशल्येच्या स्पर्शाने बरा झाला, तेव्हा रावणाने जे केले त्यावरून थोडा अंदाज येतो. ती शक्ती धरणेंद्राने दिलेली, अमोघ. विशल्येच्या पूर्वभवातील तपाचे तेज न साहून ती लक्ष्मणाच्या देहातून निघाली. हनुमानाने झेप घेऊन तिला पकडले, तेव्हा आपला यात दोष नाही, आपण केवळ आज्ञेत आहोत, असे तिने सांगितले, आणि त्याने तिला सोडून दिले. शस्त्रावर राग धरायचा नसतो, ही समज त्या सोडून देण्यात आहे.

अमोघ शक्ती निष्फळ झाल्यावर रावण शांतिनाथ प्रभूंच्या मंदिरात गेला. पूजा करून बहुरूपा विद्येच्या साधनेला बसला. मंदोदरीने लंकेत आठ दिवस सर्वांनी जिनधर्मात राहावे अशी दवंडी पिटवली. हेरांनी सुग्रीवाला कळवले. विद्या सिद्ध होण्याआधीच त्याला गाठा, असे सुग्रीव रामाला म्हणाला. रामाने नकार दिला. ध्यानात बसलेल्या शांत माणसाला आपण कसे पकडावे, असे त्याचे म्हणणे. अंगदादिक मात्र न विचारता गेले, आणि रावणाच्या डोळ्यांसमोर मंदोदरीला केस धरून ओढू लागले. नायकाच्या बाजूचे हे वर्तन परंपरेने लपवलेले नाही. रावण हलला नाही. विद्या सिद्ध झाली.

त्यानंतर तो सीतेकडे गेला. नियम मोडण्याची धमकी त्याने प्रथमच दिली. सीता मूर्च्छित पडली, आणि शुद्धीवर येताच तिने अभिग्रह घेतला: राम-लक्ष्मणांचा मृत्यू झाला तर आपले अनशन. हे ऐकून रावणाच्या मनात उजाडले. हिचे रामावरचे प्रेम स्वाभाविक आहे, आपला अनुराग म्हणजे कोरड्या भूमीवर कमळ लावणे. बिभीषणाचे ऐकले नाही, मंत्र्यांचा अवमान केला, कुळाला डाग लावला, हे त्याला स्वच्छ दिसले. सीता परत द्यायची हे ठरलेही. पण आज दिली तर लोक म्हणतील रामाला भ्याला. म्हणून उद्या राम-लक्ष्मणांना रणात बांधून आणावे आणि मग सन्मानाने तिला त्यांच्या स्वाधीन करावे.

सारे रामायण या एका रात्रीवर लोंबकळते. देणे मान्य आहे, रक्कम तयार आहे, पण तगादा लागलेला असताना दिली तर बाजारात पत जाईल, म्हणून एक दिवस थांबायचे. ज्यांनी आपल्या आसपास पेढ्या बुडताना पाहिल्या आहेत, त्यांनी हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकलेले असते.

दुसऱ्या दिवशी बहुरूपा विद्येने रणांगण रावणांनी भरून गेले. पुढे रावण, मागे रावण, दोन्ही बाजूंना रावण. गरुडावर आरूढ लक्ष्मण एकटा त्या सर्वांवर बाण सोडीत होता, आणि एक असून अनेक दिसत होता. विद्या संपली तेव्हा रावणाने चक्राचे स्मरण केले आणि ते फिरवून सोडले. चक्राने लक्ष्मणाला प्रदक्षिणा घातली आणि त्याच्या उजव्या हातावर जाऊन बसले. बिभीषणाने शेवटचे विनवले, अजून सीता दे. रावण म्हणाला, चक्राचे काय, मुठीने दोघांनाही चूर्ण करीन. प्रतिवासुदेवाला त्याचेच चक्र मारते, हा नियम पुरा झाला.

रावण चौथ्या नरकात गेला. काळ लोटला, लक्ष्मणही त्याच नरकात गेला. बलदेव रामाने दीक्षा घेतली, केवलज्ञान पावला. सीता तपाच्या बळाने अच्युत कल्पात इंद्र झाली. त्या सीतेंद्राला लक्ष्मणाची आठवण झाली आणि तो स्नेहाने नरकात उतरला. तेथे त्याने पाहिले, की रावण आणि शंबूक सिंहादी रूपे धारण करून क्रोधाने लक्ष्मणाशी लढत आहेत. बांबूच्या बेटातला घाव तेथेही संपलेला नव्हता. सीतेंद्राने परमाधामींना आवरले, तिघांना पूर्वभव सांगितले, वैर सोडायला लावले. ते शांत झाले. मग त्यांना स्वर्गात न्यावे म्हणून त्याने तिघांना हातात उचलले, तर ते पाऱ्यासारखे कणाकणांनी वितळून हातातून गळू लागले. पुन्हा उचलले, पुन्हा गळाले. तिघेही म्हणाले, उचलण्याने यातना वाढतात, आम्हाला सोड आणि तू आपल्या स्थानी जा. सीतेंद्र त्यांना तेथेच ठेवून परत फिरला.

पुढील भवांची यादीही ग्रंथात आहे. रावणाचा जीव कालांतराने तीर्थंकर होईल आणि सीतेचा जीव त्याचा गणधर. लक्ष्मणाचा जीव पुष्करद्वीपातील विदेह क्षेत्रात आधी चक्रवर्ती आणि मग तीर्थंकर होईल.